दोरीच्या आतले सहदेव राऊळ

सहदेव राऊळांचं म्हणणं असं, की जगात जी काही भांडणं होतात ती माणसं वाईट असतात म्हणून होत नाहीत. कुणी कुठवर जायचं हे कुणाला माहीत नसतं, म्हणून होतात.

हे शहाणपण त्यांना वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टाईम ऑफिसात मिळालं होतं. तिथे कायम कामगारांचं कार्ड पांढरं, बदलीवाल्यांचं पिवळं, ठेकेदाराच्या माणसांचं हिरवं. पाहुणा आला तर त्याला गुलाबी पास, आणि तोही साहेबाच्या केबिनपर्यंतच. परत येताना सही नसेल तर गेटवर पाहुणा अडकलाच. कँटीनची दारंसुद्धा दोन होती. ऑफिसच्या साहेबांच्या नशिबी बशीतला चहा होता आणि कामगारांच्या नशिबी ग्लासातला, पण किटली एकच होती, हे राऊळांना पक्कं ठाऊक होतं. त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे. चहा कुठून येतो हा प्रश्न वेगळा, आणि कोण कुठल्या दारानं जातो हा वेगळा.

माणूस तसा साधा. मालवणकडचा, ठाण्याला खाडीच्या अंगाला दोन खोल्यांत राहणारा. अंगानं किडकिडीत, आवाजानं मऊ. गल्लीत कुणी त्यांचं नाव घेऊन हाक मारत नसे. "ते टाईम ऑफिसवाले" म्हणत. वर्गणी द्यायची ती इतरांइतकीच. भाषण येत नाही, भांडण येत नाही, ढोल वाजवता येत नाही. अशा माणसाला गल्लीनं ओळखावं तरी कशावरून?

ते कारण चौऱ्याऐंशी सालच्या नवरात्रात मिळालं.

गल्लीच्या मंडळाची देवी काही टेंभी नाक्याच्या देवीएवढी मोठी नव्हती, पण गल्लीला ती तेवढीच वाटे. त्या साली मूर्तीच्या चौथऱ्यावर इतकी माणसं चढली, की आरतीच्या वेळी गुरुजींच्या धोतराच्या सोग्यावर कुणाचा तरी पाय पडला. गुरुजी एका हातानं घंटा आणि दुसऱ्या हातानं धोतर सावरत उभे राहिले. निरांजनाचं तबक कुणाच्या हाती आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही. दसऱ्यानंतरच्या बैठकीत सगळे एकमेकांना म्हणाले, "तुम्ही कशाला चढलात?" आणि सगळ्यांनी उत्तर दिलं, "आम्ही कार्यकर्ते."

तेव्हा मागच्या सतरंजीवरून राऊळ उठले. आयुष्यात पहिल्यांदा.

"साहेब, आमच्या कंपनीत असं असतं," ते म्हणाले, आणि त्यांनी सांगितलं. लाल बिल्ला असेल तो देवीच्या चौथऱ्यापर्यंत. पिवळा, तो पायऱ्यांपर्यंत. पांढरा, तो मागे प्रसादाच्या खोलीत, चपलांपाशी, पाण्यापाशी. बिल्ला नाही तो दोरीच्या बाहेर, रांगेत.

अध्यक्ष तानाजीशेठ म्हसकर हार्डवेअरचे दुकानदार. खिळे-चुका आकारानुसार वेगवेगळ्या डब्यांत ठेवण्याची सवय असलेल्या माणसाला ही गोष्ट पटकन पटली. "राऊळ, पेटी तुमच्याकडे," ते म्हणाले.

पेटी म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात सॅटिनच्या रिबिनीची फुलं, पुठ्ठ्याच्या चकत्या आणि सेफ्टी पिना. पण त्या दिवसापासून गल्लीत "राऊळसाहेब" अशी हाक ऐकू यायला लागली. नवरात्राच्या आधी महिनाभर लोक त्यांच्या दारावर येत, बसत, चहा घेत, मुलांच्या शिक्षणाची चौकशी करत. एरवी जिन्यात अंग चोरून जाणारा माणूस रस्त्याच्या मधून चालायला लागला. त्यांची बायको कांता हे सगळं दारातून बघायची.

कांता डोंबिवलीच्या चाळीत वाढलेली, बोलायला तिखट आणि हाताला उरक असलेली. लग्नाआधीपासून तिला एक हौस होती, देवीपुढचा नंदादीप आपल्या हातानं लावायची. पहिल्याच वर्षी तिनं विचारलं, "मला लाल द्याल का हो? एकाच संध्याकाळपुरता."

"तुला दिला तर लोक काय म्हणतील? बायकोला दिला म्हणतील."

"बरं," कांता म्हणाली.

कांताच्या "बरं"चेही बरेच प्रकार होते. हा त्यातला कुठला, याचं कार्ड मात्र राऊळांच्या टाईम ऑफिसात कधीच छापलं गेलं नाही. तिला पांढरा बिल्ला मिळाला, आणि ती मागे प्रसादाच्या खोलीत गेली. खोली कसली, ताडपत्रीचा आडोसाच. नळाच्या बाजूनं एक बांबू सरकवला की आत जाता यायचं. तिथे कुणी पहारेकरी नव्हता, कारण तिथे जावं असं कुणाही मोठ्या माणसाला वाटत नव्हतं. आत गेलं की खोबरं किसावं लागतं.

पहिलं वर्ष छान गेलं. गुरुजींचं धोतर सुखरूप राहिलं. घोळ झाला तो दुसऱ्या वर्षी.

पिवळा कुणालाच नको होता. "कावीळ झाल्यासारखं वाटतं हो," असं म्हणत एकेकानं परत केला. एकाच्या साडूनं खडवलीहून येऊन विचारलं होतं म्हणे, की भावजी, तुम्हाला आत का नाही घेत? लाल हवा म्हणून वीस जणांचे निरोप तानाजीशेठकडे गेले. तानाजीशेठ धंद्यातला माणूस, त्याला गिऱ्हाईक तोडवत नाही.

"राऊळ, द्या त्यांना लाल."

"पण शेठ, मग चौथऱ्यावर पुन्हा..."

"लाल द्या हो. पण आत सोडू नका."

राऊळ रात्रभर तळमळले, आणि सकाळी त्यांना मार्ग सापडला. लालचे दोन प्रकार. एक नुसता लाल, म्हणजे मानाचा. आणि ज्याच्या कडेला बारीक जर, तो आत जाण्याचा. जर इतकी बारीक, की ती फक्त देणाऱ्याला आणि अडवणाऱ्याला दिसावी. मान सगळ्यांना आणि प्रवेश मोजक्यांना, अशी ही सोय. कंपनीतल्या मोठ्या साहेबांनाही असं सुचलं नसतं, असं राऊळांना वाटलं, आणि खरंच सुचलं नसतं.

सहाव्या माळेला गल्लीला जर दिसली.

पुढच्या वर्षी सगळ्यांना जर हवी होती. मग जर अधिक शिक्का आला. शिक्क्याची शाई फिकट पडते म्हणून जर, शिक्का आणि हिरवी गाठ आली. देणगीदारांसाठी जांभळा निघाला. तो फार भारी दिसत असे आणि त्यानं कुठेच जाता येत नसे. महापालिकेच्या निवडणुका सुरू झाल्या तशी उमेदवारांची संख्या वाढली, त्यांच्या माणसांसाठी "निमंत्रित लाल" निघाला. राऊळ कुणालाच नाही म्हणत नव्हते. त्यांना नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून तर ते प्रकार काढत होते. प्रत्येक नवा रंग म्हणजे न उच्चारलेला एक नकार होता. कांता म्हणायची, "अहो, तोंडानं नाही म्हटलं असतंत तर रिबिनीचा खर्च वाचला असता."

"तुला नाही कळायचं. पद्धत आहे ती."

"बरं."

पंचाण्णव साल उजाडेपर्यंत चौथऱ्यावर पुन्हा तितकीच माणसं उभी राहायला लागली होती, फरक इतकाच की आता ती नियमानुसार उभी होती. त्यातून बिल्ले हातोहात फिरायला लागले. एक जण आत जायचा, बिल्ला काढून दोरीवरून मेहुणीकडे टाकायचा, मेहुणी आत. तानाजीशेठनी राऊळांना दुकानात बोलावून घेतलं. "हे असंच चाललं, तर पेटी दुसऱ्या कुणाकडे तरी द्यावी लागेल. पोरं मागतायत."

राऊळ घरी आले ते पुन्हा अंग चोरून. त्या पेटीवाचून आपण कोण, हे त्यांना चांगलं आठवत होतं.

म्हणून त्या वर्षी त्यांनी कडक नियम केले आणि जाड पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून दारावर टांगले. बिल्ल्याशिवाय आत प्रवेश नाही, मग तो अध्यक्ष का असेना. अंगावरून काढलेला बिल्ला त्याच क्षणी रद्द. बिगर बिल्लेवाल्याच्या सांगण्यावरून कुणालाही सोडू नये. आणि नियमात बदल करण्याचा अधिकार फक्त बिल्लाप्रमुखाचा. दारावर त्यांनी गल्लीतला कुणी ठेवलाच नाही. कारखान्यातून निवृत्त झालेला, बाळकुमला राहणारा पोपट शिंगाडे आणून उभा केला. साताऱ्याकडचा, मिशीवाला, राऊळांनीच घडवलेला गडी. एकदा त्यानं पास विसरलेल्या जनरल मॅनेजरला गेटवर अडवून ठेवलं होतं आणि बक्षीस मिळवलं होतं.

"पोपट, कुणाचं म्हणजे कुणाचंही ऐकायचं नाही."

"न्हाई ऐकत, सायेब."

अष्टमीच्या सकाळी पोपटनं नगरसेवकांच्या मेहुण्यांना पंधरा माणसांसकट अडवलं. निमंत्रित लाल एकच होता, माणसं पंधरा. मेहुणे गेले नाहीत. समोरच्या पानपट्टीवर खुर्ची टाकून बसले. "बघतो ना," म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे का, तेच बघायला बसलोय."

राऊळांची छाती फुलली. दिवसभर त्यांना वाटत राहिलं, की पेटी आता कुणाच्या बापाची टाप नाही न्यायची.

आणि दिवेलागणीला मनुबाई आली.

मनुबाईबद्दल एवढं सांगायला हवं. मंडळाची पहिली मूर्ती कळव्याहून खाडीतून होडीनं आली होती, ती मनुबाईच्या सासऱ्याच्या होडीतून. धक्क्याला लागल्यावर देवीची पहिली ओटी कोळणींनी भरली. तेव्हापासून कोळीवाडा म्हणजे देवीचं माहेर. अष्टमीला माहेरची ओटी आल्याशिवाय संध्याकाळची आरती व्हायची नाही, हा गल्लीचा रिवाज. सासू गेल्यावर ओटी मनुबाईकडे आली. सत्तरीची बाई, नाकात नथ, डोक्यात अबोलीची वेणी, डोक्यावर सूप. सुपात खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या. मागे कोळीवाड्यातल्या दहाबारा बायका. इतकी वर्षं ती यायची, माणसं बाजूला व्हायची, ती वर जायची. तिला बिल्ला द्यावा असं कुणाच्या मनातच आलं नाही. सगळ्या रंगांत शोधलं तरी तिचा रंग नव्हता. ती कार्यकारिणीत नव्हती, कार्यकर्ती नव्हती, देणगीदार नव्हती, निमंत्रितही नव्हती, कारण तिला कधी कुणी निमंत्रण दिलंच नव्हतं.

पोपटनं हात आडवा केला. "बिल्ला?"

"कसला रं बिल्ला?" मनुबाई म्हणाली. "मना वलखत नाय का तू?"

"न्हाई वळखत. मी बाळकुमचा. बिल्ला दावा, म्होरं चला."

"माजे लेकीचे घरान जावाला मना चिट्टी पायजे?"

तिनं पोपटकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. भांडली नाही. सूप डोक्यावरून उतरवलं आणि दोरीबाहेर, रस्त्यावर, मांडी घालून बसली. मागच्या बायकाही बसल्या.

आत आरतीचं तबक पेटलं होतं. गुरुजींनी ते विझवायला लावलं. कुणीतरी राऊळांना सांगितलं आणि ते धावत दोरीशी आले. पानपट्टीवरचे मेहुणे खुर्चीवरून उठले आणि हात बांधून उभे राहिले.

"मनुआई, उठा, उठा," राऊळ म्हणाले. "चूक झाली. हा घ्या." आणि दोरीबाहेर जाऊन त्यांनी आपल्या सदऱ्यावरचा बिल्ला काढून तिच्यापुढे धरला. जर, शिक्का, हिरवी गाठ. त्या मांडवातला सगळ्यात वरचा.

"लेकीचे दारान माय बिल्ला लावून जातंय का रं, सहदेवा?" मनुबाई शांतपणे म्हणाली. "तूच लाव तो. तुला शोभतो."

राऊळ वळले. "पोपट, सोड त्यांना आत."

पोपट दोरीला पाठ लावून उभा राहिला. "न्हाई जमायचं, सायेब. तुमी बिल्ला काढला. काढलेला बिल्ला रद्द. तुमीच लिवलंय."

"अरे, मी सांगतोय!"

"बिगरबिल्ल्यावाल्याच्या सांगन्यावरनं सोडू न्हाई. त्ये बी तुमीच लिवलंय." त्याच्या चेहऱ्यावर खोडसाळपणाचा लवलेश नव्हता. होता तो निव्वळ आदर.

आतून तानाजीशेठ गरजले, "ए पोपट, मी अध्यक्ष सांगतो, सोड!"

"नियम बदलायचा तर बिल्लाप्रमुख पायजेत, शेठ. तुमी न्हाई बदलू शकत."

"मग बिल्लाप्रमुखाला सोड आत!"

"त्येंच्याकडं बिल्ला न्हाई."

चौथऱ्यावर लाल बिल्लेवाले खच्चून उभे होते. त्यातल्या प्रत्येकानं तो लाल मिळवायला वर्षानुवर्षं चहा पाजला होता, नाती जोडली होती, तोडली होती. आत जायचा अधिकार त्या सगळ्यांना होता. दुसऱ्या कुणाला आत घ्यायचा अधिकार त्यांच्यातल्या एकालाही नव्हता.

"ढकला त्या पोपटला," कुणीतरी म्हणालं.

"ढकला की," समोरून मेहुणे म्हणाले. "मग आम्ही पण येतो. पंधरा आहोत."

तानाजीशेठ दोरीवर वाकले आणि दात दाबून म्हणाले, "राऊळ, आज ओटी चुकली ना, तर उद्यापासून पेटीचं तोंड बघायचं नाही. आणि गल्लीत तोंड दाखवायचं नाही."

राऊळांच्या हातात तो बिल्ला होता. टोचायला जागा नव्हती आणि फेकायला मन होत नव्हतं. नवा काढावा तर पेटी आत होती, चौथऱ्याखाली, त्यांच्या टेबलावर. अकरा वर्षांत त्यांनी ती बाहेरून कधी पाहिलीच नव्हती. बाहेरून ती अगदीच बिस्किटाच्या डब्यासारखी दिसत होती.

इतक्यात मांडवाच्या बगलेतून कांता आली. पदर खोचलेला, कोपरापर्यंत खोबऱ्याचा कीस. पुढे दोरीशी काय चाललंय ते तिला ताडपत्रीतून सगळं ऐकू आलं होतं.

नवऱ्याकडे तिनं पाहिलंच नाही. मनुबाईपुढे उकिडवी बसली. "काय हो मनुआई, इथे काय बसलात? लेकीच्या घरी आई काय पुढच्या दारानं येते? पुढच्या दारानं पाहुणे येतात. आई मागून येते, सैपाकघरातनं. चुलीवर काय शिजतंय ते बघत."

मनुबाई हसली. नथ हलली. "ई बाय बोलते ती खरी हाय गो," ती मागच्या बायकांना म्हणाली. सूप डोक्यावर गेलं.

नळाच्या बाजूचा बांबू सरकला. कोळणी वाकून एकामागून एक आत गेल्या, शिऱ्याच्या पातेल्यात डोकावल्या, मनुबाईनं "वेलची कमी हाय" असं सांगितलं, आणि मागच्या पायऱ्यांनी ती थेट देवीपाशी पोहोचली. पोपटला हे दिसलं. त्यानं पुठ्ठ्यावरचे नियम पुन्हा एकदा वाचले. मागच्या दाराबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तो समाधानानं पुन्हा सरळ उभा राहिला. मेहुणे पुन्हा खुर्चीवर बसले. आडोशातून वाकून, पातेली ओलांडून आत जाणं त्यांच्या परीटघडीच्या सफारीला झेपणारं नव्हतं.

ओटी भरली गेली. नंदादीपात तेल घालायचं राहिलं होतं. गुरुजी म्हणाले, "कुणीतरी हात द्या," आणि लाल बिल्ल्यांच्या गर्दीत सगळ्यांचे हात एकमेकांत अडकले होते, म्हणून मनुबाईनं कांतालाच पुढे ओढलं. वात कांतानं लावली.

राऊळांनी हे सगळं रांगेत उभं राहून, दोन माणसांच्या खांद्यांमधून पाहिलं. कुणी त्यांना "जरा सरका हो" म्हणालं. ते सरकले.

दसऱ्यानंतरच्या बैठकीत त्यांनी राजीनामा ठेवला. ठेवताना त्यांना वाटलं होतं, लोक नको नको म्हणतील. ओटी शेवटी चुकली नव्हती, नियमही मोडला नव्हता. तानाजीशेठनी लगेच टाळ्या वाजवल्या. शाल आणि श्रीफळ आधीच आणून ठेवलेलं होतं. ते कोणासाठी, हे विचारायचं राऊळांच्या जिभेवर आलं होतं, पण शाल अंगावर पडली. पेटी डीटीपीच्या दुकानवाल्या मेंबरकडे गेली. त्यानं सांगितलं, की आता रिबिनी-बिबिनी बंद. कॉम्प्युटरवर फोटोची कार्डं, वर प्लॅस्टिक. प्रकार एकवीस.

"एकवीस?" राऊळांनी हळूच विचारलं. त्यांचा आवाज जरा कातर झाला होता, आणि तो दुःखानंच झाला होता असं म्हणवत नाही.

पुढच्या नवरात्रात पहिले काही दिवस ते घरीच बसले. गल्लीत पुन्हा "ते टाईम ऑफिसवाले" सुरू झालं होतं. अष्टमीला दुपारी कांता म्हणाली, "नारळ फोडायला माणूस नाही. येताय?"

"माझ्याकडे कार्ड कुठे आहे?"

"तिथे कार्ड नाही लागत. कोयता लागतो."

ते गेले. नारळ फोडायला बसले. फोडलेली भकलं त्यांनी पहिल्या अर्ध्या तासात तीन ढिगांत लावली, मोठी, मधली आणि डागाळलेली, आणि कुठल्या ढिगाला कुणी हात लावायचा ते सांगायला तोंड उघडलं. कांतानं नुसतं बघितलं. त्यांनी तोंड मिटलं.

दिवेलागणीला बांबू सरकला. मनुबाई यंदा विचारतही नव्हती, सरळ मागच्या वाटेनं आली. वाकून आत शिरताना सूप आडवं होऊ लागलं, तेव्हा तिनं ते समोर बसलेल्या माणसाच्या हातात दिलं. "धर रं सहदेवा. आनि चल मागं मागं."

राऊळ सूप घेऊन उठले. हाताला नारळाचं पाणी, धोतराला शेंडीचे धागे. मागच्या पायऱ्यांशी गळ्यात कार्ड लटकवलेल्या कुणीतरी हात आडवा केला. "काका, तुमचं कार्ड?"

"त्यो माजे संगं हाय," मनुबाई मागे न बघता म्हणाली.

हात बाजूला झाला. सहदेव राऊळ चौथऱ्यावर चढले, देवीच्या अगदी पायाशी, इतक्या जवळ ते लाल बिल्ल्याच्या दिवसांतही कधी गेले नव्हते. घंटा वाजली, आरती सुरू झाली. गल्लीतले लोक माना उंचावून बघत होते, की हा राऊळ पुन्हा आत कसा. राऊळांनी डोळे मिटून हात जोडले होते. बघणाऱ्यांना वाटलं, भक्तीत रमलेत. राऊळ मनातल्या मनात ते एकवीस प्रकार एकेक करून तपासत होते. "माजे संगं" हा त्यातल्या एकातही बसत नव्हता. आरती संपेपर्यंत त्यांचं ठरत आलं होतं, की याला वेगळा रंगच काढावा लागेल, आणि मोरपंखी बरा दिसेल.